एका जावा फर्नची दहा रोपं कशी करावीत

पहिला जावा फर्न (माशांच्या टँकमध्ये वाढणारं एक नेचं) घरी आणला तेव्हा दुकानदाराने सांगितलं होतं, "खडीत नीट दाबून लावा, महिन्याभरात पसरेल." मी दाबून लावला. तीन आठवड्यांनी एक पान जरा ओढून पाहिलं तर ते सरळ हातात आलं. खाली खोडाच्या जागी काळा, मऊ लगदा होता आणि त्याला कुजक्या पाण्याचा वास येत होता. जीव लावून आणलेलं झाड असं गेलं की फार लागतं. नंतर कळलं की पहिल्या दिवशीच मी त्याला गाडून मारलं होतं.

त्यानंतर आणलेलं दुसरं रोप जगलं. आज भांडुपच्या आमच्या घरात दोन फुटी टँकमध्ये जी चौदा-पंधरा रोपं आहेत ती सगळी त्या एकाचीच. ओळखीच्या पाच-सहा घरांतही त्याची पिल्लं गेली आहेत. नव्याने सुरुवात करणाऱ्यांच्या शंका बहुतेक त्याच त्याच असतात, म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवतोय.

१. आधी हे झाड जगतं कसं ते समजून घ्या

पावसाळ्यात येऊरला किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेलात तर झाडांच्या बुंध्यांवर बाशिंग दिसतं. खाली वाळक्या तपकिरी पानांचं घरटं आणि त्यातून वर आलेली, कडा कातरलेली हिरवी पानं. बाशिंग त्या झाडाचा रस पीत नाही, नुसतं त्याला धरून बसतं. अन्न आणि पाणी त्याला मिळतं ते पावसातून आणि साचलेल्या पालापाचोळ्यातून. अशा झाडांना मराठीत अपिवनस्पती म्हणतात. जावा फर्न याच बाशिंगाच्या कुळातला. आग्नेय आशियात ओढ्याकाठच्या दगडांना आणि ओल्या ओंडक्यांना धरून वाढतो, कधी पाण्यात, कधी पाण्याबाहेर.

पानं ज्या आडव्या, जाडसर, हिरव्या-तपकिरी दांडीतून फुटतात तिला रायझोम म्हणतात. तेच त्याचं खोड. त्याच्या खालचे काळे केसाळ धागे मुळं असली तरी त्यांचं मुख्य काम दगड पकडण्याचं. अन्न पानं आणि रायझोम थेट पाण्यातून घेतात. म्हणून रायझोम खडीखाली गेला, त्याच्याभोवती पाणी खेळेनासं झालं, की तो कुजतो. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका: रायझोम उघडा राहिला पाहिजे.

दुसरं असंच झाड म्हणजे बोल्बायटिस. हे आफ्रिकेतल्या वाहत्या ओढ्यांमधलं. पानं गडद हिरवी, काचेसारखी किंचित पारदर्शक, फार देखणी. जावा फर्नपेक्षा हळू वाढतं आणि वाहतं पाणी मागतं. नवख्यांनी सुरुवात जावा फर्नने करावी, बोल्बायटिस वर्षभराने आणावं. अनुबियास दिसायला याच पंगतीतलं वाटतं पण तो फर्न नाही. रायझोम उघडा ठेवायचा नियम मात्र त्यालाही लागू.

२. मुंबईत कापायचा हंगाम

जावा फर्नला साधारण २० ते २८ अंश सेल्सिअस पाणी मानवतं. मुंबईत एप्रिल-मेमध्ये पंख्याखालच्या टँकचं पाणीसुद्धा ३१-३२ अंशांवर जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि झाडाचा श्वसनाचा खर्च वाढतो. अशा वेळी रायझोमला जखम केली तर ती भरून येण्याऐवजी सडत जाते. मी एकदा मे महिन्याच्या सुट्टीत, मोकळा वेळ आहे म्हणून तीन तुकडे केले होते. तिन्ही गेले.

तेव्हापासून मी कापाकापी दिवाळीनंतर सुरू करतो आणि होळीच्या आत थांबवतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी २४-२७ अंशांच्या आसपास राहतं आणि उन्हाळा येईपर्यंत नव्या रोपांनी दगड पकडलेला असतो. मार्च ते मे फक्त सांभाळायचं. टँकच्या पाण्यावर तिरका वारा येईल असा छोटा पंखा लावला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. उडालेल्या पाण्याची भर रोज घालावी लागते, एवढीच कटकट.

३. काय काय लागेल

- एक निरोगी मातृरोप, किमान दहा-बारा पानांचं, तुमच्या टँकमध्ये तीन-चार महिने रुळलेलं
- धारदार नवं ब्लेड किंवा बारीक कात्री
- सायनोॲक्रिलेट गोंद (झटपट चिकटणारा सुपर ग्लू), जेल स्वरूपातला
- तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा धागा) किंवा काळा सुती दोरा
- बसवायला दगड, लाकूड, कौलाचा तुकडा किंवा करवंटी
- क्लोरीन मारायचं औषध (दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून मागा)
- टिशू पेपर, चिमटा, पाण्याचं एक पसरट भांडं

मातृरोप क्रॉफर्ड मार्केटमध्ये किंवा कुर्ल्याला मिळतं, हल्ली कुरिअरनेही येतं. घेताना पानं मोजत बसू नका, रायझोम पाहा. बोटाने हलकेच दाबल्यावर कडक लागला पाहिजे. दुकानातली बरीच रोपं पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. ती पाण्यात बुडवली की जुनी पानं महिन्या-दोन महिन्यांत पिवळी, चिकट होऊन जातात आणि मग पाण्यातली नवी, पातळ पानं फुटतात. हे झाड मरणं नव्हे. रायझोम कडक आहे तोवर धीर धरा.

आल्या आल्या रोप टँकमध्ये टाकू नका, गोगलगाईंची अंडी हमखास येतात. लिटरभर पाण्यात चमचाभर तुरटीची पूड विरघळवून त्यात दोन-तीन तास ठेवायचं, मग दोनदा साध्या पाण्यातून काढायचं.

बसवायच्या वस्तूंबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे आपल्याकडे फुकटात उत्तम माल पडलेला आहे. आपला काळा दगड म्हणजे बसाल्ट पाण्यात काही सोडत नाही आणि त्याच्या खडबडीत अंगाला मुळं छान धरतात. त्यात कधी कधी पांढऱ्या गाठी असतात. त्यांवर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहा. फेस आला तर तो दगड बाजूला ठेवा, त्यातला चुना पाणी जड करतो. जुन्या मंगलोरी कौलाचा तुकडा तर माझा सर्वात आवडता. मातीचा भाजलेला, सच्छिद्र आणि हलका. फक्त सिमेंट किंवा रंग लागलेला नको. करवंटी आतून-बाहेरून खरवडून, दोन-तीनदा उकळून घ्यावी, नाहीतर पाणी चहासारखं होतं.

गोराई-जुहूचे शंख, शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे टाळा, तेही चुन्याचेच. राष्ट्रीय उद्यानातून दगड, लाकूड किंवा झाड काहीही उचलू नका, तो गुन्हा आहे.

४. पाणी

पालिकेचं पाणी तलावांचं, मऊ. ते या झाडांना चांगलं मानवतं. टँकर किंवा बोअरवेलचं पाणी येणाऱ्या इमारतीत ते बरंच जड असू शकतं. जावा फर्न तेही सोसतो, बोल्बायटिस कुरकुरतो.

खरा धोका असतो सोसायटीची टाकी धुण्याच्या दिवशी. टाकी घासून झाल्यावर ब्लीचिंग पावडर टाकतात आणि त्यानंतरच्या पहिल्या पाण्यात क्लोरीन नेहमीपेक्षा खूप जास्त असू शकतो. अशाच एका दिवशी मी नेहमीच्या मापाने औषध घालून अर्धं पाणी बदललं. संध्याकाळपर्यंत मासे वर येऊन तोंड मारायला लागले आणि बोल्बायटिसची कोवळी टोकं पांढरी पडली. आता जिन्याखाली टाकी धुण्याची सूचना लागली की मी दोन दिवस पाणी बदलतच नाही. एरवी आठवड्याला पाव टँक पाणी बदलतो, बादली आदल्या रात्री भरून उघडी ठेवतो आणि त्यात औषध घालतो.

५. रायझोमचे तुकडे करणं

रोप टँकबाहेर काढून पसरट भांड्यातल्या टँकच्याच पाण्यात ठेवा. मुळांत अडकलेली घाण बोटांनी हलवून काढा. आता रायझोम नीट न्याहाळा. एका टोकाला लहान, फिकट हिरवी, गुंडाळलेली पानं उलगडताना दिसतील, तो वाढता कोंब. दुसऱ्या टोकाला जुनी, काळपट पानं किंवा नुसते देठांचे खुंट असतील.

कापायची जागा ठरवताना प्रत्येक तुकड्याला किमान तीन-चार धड पानं राहतील असं बघा. बारा पानांच्या रोपाचे तीनच तुकडे करा. पाच-सहा करायचा मोह मला दरवेळी होतो आणि दरवेळी मी तो आवरतो. दोन पानांचा तुकडा मरत नाही, पण वर्षभर तिथेच बसून राहतो आणि तोवर शेवाळं त्याला गाठतं.

ब्लेड पानांच्या देठांमधून सरळ खाली, एका दाबात. करवतीसारखं पुढे-मागे करू नका, त्याने जखम चेंगरते. कापल्यावर छेदाकडे बघा. आत पांढरट हिरवा गर आणि मध्ये गडद ठिपके दिसले तर खोड जिवंत आहे. तपकिरी, भुसभुशीत दिसला तर जिवंत गर लागेपर्यंत थोडं थोडं मागे कापत या. पानं नसलेला पण कडक, हिरवा खुंट उरला तर फेकू नका. कौलावर बांधून कोपऱ्यात ठेवून द्या. दोन-तीन महिन्यांनी त्याच्या बाजूने बारीक डोळे फुटतात. माझी दोन चांगली रोपं अशा टाकाऊ खुंटांची आहेत.

तोडून वेगळं करायची भीती वाटत असेल तर आणखी एक पद्धत आहे. रोप जागच्या जागी ठेवून रायझोमला वरून अर्ध्या जाडीपर्यंत खाच द्या, तुकडा अलग करू नका. टोकाचा कोंब मागच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. खाच पडली की तो दाब सैल होतो आणि खाचेमागून नवी फूट येते. ती तीन पानांची झाली की उरलेलं कापायचं. वेळ दुप्पट लागतो, पण बोल्बायटिससाठी मी हीच वापरतो. बोल्बायटिसच्या पानांवर सहसा पिल्लं येत नाहीत, त्यामुळे वाढवायला रायझोमच हाताशी असतो.

६. पानावरची पिल्लं

जावा फर्नची गंमत इथे आहे. पान जुनं झालं, दुखावलं किंवा तुटून तरंगू लागलं की त्याच्यावर पिल्लं धरतात. टॉर्च घेऊन पानाची खालची बाजू पाहा. आधी शिरेजवळ काळ्या बारीक केसांचा पुंजका दिसतो, धूळ अडकल्यासारखा. आठ-दहा दिवसांनी त्यातून तांदळाच्या दाण्याएवढं पान डोकावतं. इतकं पातळ की पलीकडचा प्रकाश दिसतो. मग दुसरं, मग तिसरं. आपल्या घरात हे होताना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बायकोला आणि मुलीला झोपेतून उठवून दाखवलं होतं.

नवखे इथे हमखास एक चूक करतात. जुन्या पानाच्या मागे ओळीने, सारख्या अंतरावर तपकिरी फुगीर ठिपके येतात. त्यांना रोग समजून लोक पान कापून टाकतात. ते बीजाणूंचे पुंजके आहेत, फर्नमध्ये अगदी स्वाभाविक. रोगाचे डाग वेडेवाकडे असतात, दोन्ही बाजूंनी दिसतात आणि त्यांच्याभोवतीचं पान पिवळं किंवा पारदर्शक होत जातं. बीजाणूंपासून रोपं करण्याच्या भानगडीत मात्र घरी पडू नका.

पिल्लू कधी काढायचं? तीन-चार पानं, प्रत्येक किमान दीड-दोन इंच, आणि स्वतःची मुळं. त्याआधी काढलं तर जगतं, पण फार रखडतं, कारण आईच्या पानातून मिळणारं अन्न तुटतं. तयार झालेलं पिल्लू चिमट्याने बुडाशी धरून हलकेच फिरवलं की सुटून येतं. ओढावं लागत असेल तर अजून वेळ आहे.

पान पूर्ण पिवळं पडत असेल आणि पिल्लं लहान असतील तर अख्खं पान देठाजवळ कापून पाण्यावर तरंगत सोडा, किंवा खाली वाहून जाऊ नये म्हणून लाकडाच्या बेचक्यात अडकवा. पान कुजत जातं, पिल्लं वाढत जातात.

एकाच वेळी सगळ्या पानांवर पिल्लांची गर्दी झाली आणि नवी मोठी पानं मात्र थांबली, तर आनंद मानू नका. बहुतेक वेळा झाड अडचणीत असतं. आधी तापमान आणि खत तपासा.

७. दगडावर बसवणं

गोंदाने: रायझोम आणि दगडाची जागा टिशूने टिपून घ्या. जेलचे मुगाच्या दाण्याएवढे दोन थेंब दगडावर टाका, रायझोम त्यावर ठेवून पंधरा सेकंद दाबा आणि पाण्यात बुडवा. गोंद पांढरा पडतो, काही महिन्यांत शेवाळं आणि मुळं तो झाकतात. वाढत्या कोंबाला गोंद लागू देऊ नका. पातळ गोंद नको, तो मुळांतून पसरून सगळं खोड कडक पापडीसारखं करतो.

गोंद आणि सुती दोरा किंवा कापूस एकत्र वापरू नका. सायनोॲक्रिलेट कापसाला लागला की झटकन तापतो, बोट भाजू शकतं.

दोऱ्याने: दोन-तीन सैलसर वेढे, रायझोमवर रुतणार नाहीत असे. सुती दोरा महिन्या-दोन महिन्यांत कुजून जातो. जावा फर्नचं मोठं रोप तोवर धरतं, पण लहान तुकडे आणि बोल्बायटिस धरत नाहीत. त्यांना तंगूस वापरा आणि मुळं चिकटली की कापून काढा.

फिल्टरच्या प्रवाहात बोल्बायटिस, जरा बाजूला जावा फर्न, लहान पिल्लं दर्शनी बाजूला म्हणजे नजर राहते.

८. पुढचे सहा महिने

पहिले चार-सहा आठवडे काहीच होत नाही असं वाटेल. जुनं एखादं पान जाईल. हलवू नका, उचलून मुळं बघू नका, जागा बदलू नका. प्रत्येक वेळी उचललं की नुकतीच धरलेली मुळं सुटतात आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. माझ्याकडे चांगल्या दिवसांत मोठ्या रोपाला दोन-तीन आठवड्यांनी एक नवं पान येतं. पिल्लाचं बघण्याजोगं रोप व्हायला सहा-आठ महिने जातात.

प्रकाश दिवसाला सहा ते आठ तास, मंद. लवकर वाढावं म्हणून लाइट वाढवला की झाड तेवढंच वाढतं आणि शेवाळं दुप्पट. खिडकीचं थेट ऊन टँकवर येऊ देऊ नका.

काळं, दाढीसारखं शेवाळं या संथ झाडांचा मोठा शत्रू. पान भरलं असेल तर सरळ कापा. थोडं असेल तर पाणी बदलताना पान उघडं पडलं की ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने फक्त त्या जागी लावून, दोन-तीन मिनिटांनी धुऊन टाका.

जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडत असतील तर बऱ्याचदा पोटॅशियम कमी पडत असतं. ६० लिटर पाण्यात १ ग्रॅम पोटॅशियम सल्फेट घातलं की लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम पोटॅशियम मिळतं. आठवड्यातून एकदा, पाणी बदलल्यावर घालायचं. कुंड्यांचं खत टँकमध्ये कधीही टाकू नका. त्यातल्या युरियाचा आणि अमोनियम क्षारांचा अमोनिया होतो आणि मासे जातात.

९. पावसाळ्यातला डबा

जून ते सप्टेंबर मुंबईची हवाच इतकी दमट असते की ही रोपं पाण्याबाहेरही वाढवता येतात. मिठाईचा पारदर्शक डबा, तळाशी ओला काथ्या, त्यावर कौलाचे तुकडे आणि त्यांना चिकटवलेली पिल्लं. झाकण लावून ऊन न येणाऱ्या खिडकीत ठेवायचा. रोज दोन मिनिटं झाकण उघडायचं, नाहीतर बुरशी धरते. शेवाळ्याचा त्रास नाही आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड आयता मिळतो, म्हणून वाढ टँकपेक्षा बरी होते. हवेतली पानं जाड आणि चकचकीत येतात. टँकमध्ये नेल्यावर ती गळून नवी येणार, हे धरून चला. ऑक्टोबरची उष्मा लागायच्या आत डबा रिकामा करायचा.

१०. रोप कोणाला देताना

ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, हवा भरलेल्या पिशवीत घालून गाठ मारा. पाणी भरू नका. असं रोप दोन-तीन दिवस आरामात टिकतं. लोकलच्या गर्दीत पिशवी चेंगरते म्हणून मी ती जेवणाच्या डब्यात ठेवून नेतो. सोबत कौलाचा तुकडा चिकटवूनच देतो, म्हणजे घेणाऱ्याच्या मनात खडीत लावायचा विचारच येत नाही. पिशवीवर चिठ्ठी असते: "गाडू नका. तुरटीच्या पाण्यातून काढलेलं आहे. पहिलं पान गेलं तर फोन करा, फेकू नका."